डाय झाली

हरूकाका एक दिवस घरात एकटेच मरून पडतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, या भीतीत घिवलीतली आमची अख्खी आळी जगत होती. भीत नव्हते ते फक्त हरूकाका, अशी माझी समजूत होती. माझ्या बहुतेक समजुतींचं जे होतं तेच हिचंही झालं.

मी मूळचा कराडकडचा. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा शहाण्या माणसासारखी बोईसरात खोली घ्यायची सोडून मी समुद्र दिसेल अशी खोली शोधत फिरलो. समुद्र मी तोवर कॅलेंडरवरच पाहिलेला. घिवलीत भानुबायच्या घराची मागची खोली मिळाली. पहिल्याच संध्याकाळी वाळूत उभं राहून स्वतःचा फोटो काढला आणि आईला पाठवला. लगेच आईचा फोन. "छान आहे रे. पण तुझ्या मागे ते घुमट कसले? देऊळ आहे का?"

मी मागे वळून पाहिलं. इतका वेळ मी समुद्राकडेच बघत होतो ना! "हो," म्हटलं, "देऊळच आहे." ते अणुवीज केंद्र आहे हे आईला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

तेव्हापासून मी जो घाबरायला बसलो तो उठलोच नाही. केंद्राचा सरावाचा भोंगा झाला की मी ओला रुमाल नाकाला लावून कॉटखाली. एमआयडीसीकडून धप्प आवाज आला की तोंडातला घास तोंडातच. शिवाय अधूनमधून डहाणूच्या अंगाने जमीन हलायची आणि फळीवरची भांडी किणकिणायची. गावाला या सगळ्याची सवय. भानुबाय बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. ती म्हणायची, "भोंगा झाला म्हनून बोंबील नासायचा थांबतो काय रे घाटी?" घाटी म्हणजे मी. घाट उतरून आलेल्या माणसाला इकडे दुसरं नाव लागत नाही.

मात्र या सगळ्या आवाजांपेक्षा मला जास्त भीती वाटायला लागली ती एका आवाजाच्या थांबण्याची.

भानुबायच्या घराला लागून एक बोळ, बोळापलीकडे हरूकाकांचं घर. सकाळी चहा झाला की तिथून सुरू व्हायचं, टक्... टक्-टक्... टक्. पोलादावर पोलाद. हरूकाका डायमेकर होते. डाय म्हणजे दागिन्याचा ठसा. पोलादी ठोकळ्यात बारीक छिन्नीने नक्षी खोल कोरायची, तीही उलटी. मग त्यावर सोन्याचा नाहीतर पितळेचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी सुलटी होऊन वर उठते. मुंबईतल्या बाईच्या कानात डुलणारं फूल आधी आमच्या चिंचणी-तारापूर पट्ट्यातल्या कुठल्यातरी घरात खड्डा म्हणून जन्माला येतं. एकेकाळी इथे घरटी ठोकाठोकी चालायची. आता बहुतेकांनी कॉम्प्युटरवर चालणारी मशीन घेतली. आमच्या आळीत हाताने ठोकणारे हरूकाका तेवढे उरले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा निलेश विरारला फ्लॅटमध्ये.

ओळख करून घ्यावी म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या उघड्या दारातून आत गेलो. ते पाठमोरे बसले होते. अंगात बनियन, मान वाकलेली, डोळ्याला भिंग. मी घाटावरच्या खणखणीत आवाजात म्हटलं, "नमस्कार काका!"

छिन्नी खर्रकन सरकली.

काका वळले नाहीत. ठोकळ्याकडे बघत हळूच म्हणाले, "मेली."

मी घाबरलो. "कोण मेली?"

"डाय."

कुणाच्या तरी लग्नातल्या बाजूबंदाची वेल होती. पानं, कळ्या सगळं झालेलं, आणि आता मधून एक चरा. पोलादात खोडरबर चालत नाही. मी जागच्या जागी ओशाळलो. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी ठोकळा काढून शेजारच्या खोक्यात ठेवला, तिथे आधीचे बरेच होते, आणि मला म्हणाले, "मागून नाय यायचं. खिडकीकडून यायचं. आधी सावली पाठवायची, मग आपन यायचं."

"माफ करा काका."

"माफ काय? तुमच्या आवाजाला मी दचकलो, तो माझा गुन्हा." आणि मग भिंग पुसत, "तुमच्याकडे सगळे एवढ्याने बोलतात काय? डोंगराला ऐकू जायला?"

ही त्यांची थट्टा. वर्षातून चारदा करत असतील, त्यातली एक माझ्या वाट्याला पहिल्याच दिवशी आली.

माणसांचं त्यांना वावडं होतं असं गाव म्हणायचं. लग्नाला गेले तर मांडवाच्या कडेला, मयताला गेले तर सगळ्यांच्या मागे. गणपतीत आरतीला यायचे आणि प्रसाद हातावर पडायच्या आत निघायचे. घरात कुणी बसायला आलं तर 'बसा' म्हणायचे, पण अशा आवाजात की माणसाला गॅसवर दूध ठेवून आल्याची आठवण व्हावी. पण एक गोष्ट मला कळेना. त्यांच्या मागच्या पडवीत सकाळपासून लख्ख उजेड असायचा. डोळ्याचं काम करणाऱ्या माणसाने खरं तर तिथे बसावं. हे मात्र टेबल लावून बसलेले पुढच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीशी, जिथे जाणाऱ्या-येणाऱ्याने सारखा उजेड अडायचा. विचारलं तर म्हणाले, "मागं वारा लागतो." मागे भिंत होती. वारा कुठून लागणार?

भानुबाय सकाळी टोपली डोक्यावर घेऊन खिडकीवरून जाताना ओरडायची, "हाय काय रे हरू?"

आतून उत्तर यायचं, टक् टक्.

"मग ठीक हाय!" आणि ती बोईसरच्या रिक्षाला जायची. या दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे एवढंच. ती ओरडायची, ते ठोकायचे. कधी पापलेट चांगलं असलं तर खिडकीत पानावर ठेवून जायची.

घोर लागायचा तो पॉलिशच्या दिवसांत. ठोकणं संपलं की काका डाय घासायला बसत, आणि घासण्याला आवाज नसतो. टक्-टक् बंद पडली की आळीतल्या बायका कामं सोडून कान द्यायच्या. माझी पाळी नसली की भानुबाय माझ्या दारात. "जा रे घाटी, बघून ये."

"काय बघू?"

"हाय का गेला, ते."

"मीच का?"

"तू बिनकामाचा, म्हनून."

मग मी खिडकीशी जाऊन उभा राहायचो. मान वाकलेली, हात मांडीत. हलतोय की नाही ते कळायचं नाही. मी बनियनवर एक भोक हेरून ठेवलं होतं. ते भोक वरखाली होतं का ते बघत राहायचो. कधी कधी इतका वेळ व्हायचं नाही की माझेच श्वास अडकायचे. हाक मारावी तर डाय मरायची, न मारावी तर... आणि मग काका मान न उचलता बोलायचे, "जिता हाय. भानूला सांगा."

एकदा मी विचारलं, "काका, एकटं भीती नाही वाटत?"

"आमी कधी एकट्यानं काम केलंच नाय," ते म्हणाले. मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. मग हळूहळू कळलं. पूर्वी या पुढच्या खोलीत आठ-दहा जण ओळीने बसायचे. मान खाली, डोळा भिंगात, आणि तोंड अखंड चालू. कुणाच्या पोरीचं कुणाशी, कुणाची बोट कुणाच्या जाळ्यात, सगळं. कुणी कुणाकडे बघायचं नाही पण बोलायचे सगळे. "तोंड बघून बोलायची मला सवयच नाय," काका म्हणाले. "समोर मानूस बसला की मला कळत नाय डोळे कुठं ठेवायचे." मग एकेक जण गेला. कुणी वर, कुणी कंपनीत, कुणी मशीनवर. काकांनी टेबल तिथेच ठेवलं. इतकं सांगून त्यांनी दोन दिवस माझ्यावर एक शब्दही खर्च केला नाही.

एका रविवारी दुपारी मी अंघोळ करत होतो. अंगाला साबण, डोळे मिटलेले, आणि पायाखालची फरशी कुणीतरी चादरीसारखी झटकली. बाहेर भांड्यांचा खणखणाट. संकटात माणूस सर्वात मौल्यवान वस्तू घेऊन पळतो म्हणतात. मी टॉवेल गुंडाळून रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या हातात प्लॅस्टिकचा मग होता. अख्खी आळी बाहेर. पोरं रडत होती, बायका देवाचं नाव घेत होत्या, आणि तशातही भानुबायला माझा मग दिसलाच. "आनखी काय आनलंस? बादली र्‍हायली काय?"

मग तिचा चेहरा एकदम उतरला. "हरू कुठं हाय?"

काका बाहेर आले नव्हते. आतून आवाजही नाही. आम्ही सगळे खिडकीकडे धावलो. मी पुढे होतो, कारण घाबरलेला माणूस धावतो फार जोरात.

काका खुर्चीत बसलेले होते. डाव्या हातात छिन्नी तशीच होती. उजवा हात, हातोडी धरलेला, हवेत वर. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. ते त्या हाताकडे असे बघत होते जसं एखाद्याने घरात शिरलेल्या सापाकडे बघावं.

"काका, बाहेर या! भूकंप!"

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "काय?"

"जमीन हालली!"

"जमीन?" ते म्हणाले. "जमीनच ना? नक्की?"

"मग काय आभाळ?" भानुबाय ओरडली. "माझी फळी पडली सगळी!"

आणि काका हसले. गावात त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नसेल. बाहेर येऊन ओट्यावर बसले, भानुबायला चहा टाकायला लावला, रस्त्यावर थरथरत उभ्या असलेल्या प्रत्येकाला बोलावून पाजला. धरणी हलली म्हणून सगळं गाव हबकलेलं आणि हा एकटा माणूस पोराच्या बारशाला बसल्यासारखा खुशीत. बायका म्हणाल्या, म्हातारा भ्याला, डोक्यावर परिणाम झाला. मलाही तेच वाटलं. मी अंगावरचा वाळलेला साबण खाजवत चहा प्यायलो आणि घरी आलो.

दोन दिवसांनी त्यांनी मला खिडकीतून खूण केली. टेबलावर उजवा हात पसरला. "बघा."

काही दिसलं नाही. मग करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. नुकत्याच टोपलीत टाकलेल्या मासळीच्या शेपटीसारखी, स्वतःहून.

"सकाळी कप धरला की होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी हातोडी उचलली आनि समोरचं सगळं हालायला लागलं. मला वाटलं, आला. हाताचा मोठा झटका आला. आता संपलं." ते थांबले. "जमीन हालली हे कोनीतरी सांगायला लागलं, तवा जीवात जीव आला."

या माणसाला भीती नाही असं मी समजत होतो. तो आमच्या सगळ्यांच्या भीतीच्या पलीकडे एकटाच जाऊन बसला होता.

"डॉक्टर?"

"डॉक्टर बोलला वयाचं हाय. कोनाला बोलू नका. व्यापाऱ्याला कळलं तर काम बंद. निलेशला कळलं तर घेऊन जाईल." विरारला जाण्याबद्दल ते असं बोलत जसं मी अणुकेंद्राबद्दल बोलतो. "सून चांगली हाय. मला एकटं वाटू नये म्हनून दिवसभर टीव्ही लावून देते. पन इथं मी दार लावलं तरी रस्त्यानं कोन गेलं ते चपलेवरून कळतं मला. तिथं दार उघडं ठेवलं तर वॉचमन विचारायला येतो, आजोबा, काय प्रॉब्लेम?"

मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे माझं सर्वांना ठाऊक असलेलं वैशिष्ट्य, पण ही राहिली. न सांगता जे नुकसान करता येईल ते मात्र मी केलं.

त्याचं असं झालं. बाजूबंदाची वेल काकांनी पहिल्यापासून पुन्हा कोरायला घेतली होती. कधी पुरी होते याकडे आळीचं लक्ष. मी कारखान्यात, बाजूला पंपाची घरघर, आणि भानुबायचा फोन. आवाज तुटत होता. "घाटी... हरूकाका... डाय... झाली... लवकर ये..." फोन कट.

डाय हा शब्द मी रोज ऐकत होतो. पण भीतीने कान भरलेले असले की शब्द इंग्रजीतून ऐकू येतात. मी तिथेच रडायला लागलो. पंपावरचा उत्तर प्रदेशचा ऑपरेटर धावत आला. "सर, क्या हुआ? रो क्यों रहे हो?"

"काका डाय हो गए."

"राम राम राम," म्हणून त्यानेही डोळे पुसले.

निलेशने नंबर देऊन ठेवला होता, काही झालं तर कळवा म्हणून. मी कळवलं. माझा गेटपास निघेपर्यंत दीड-दोन तास गेले. वाटेत बोईसरच्या नाक्यावर झेंडूचा जाड हार घेतला आणि मोटारसायकलवरून रडत रडत घिवली गाठली.

काका ओट्यावर बसून पेढा खात होते.

शेजारी भानुबाय. "ये रे, डाय झाली ना काकाची! तोंड गोड कर." मग तिची नजर हाराकडे गेली.

काकांनी विचारलं, "ह्यो कोनाला?"

आयुष्यात मला वेळेवर उत्तर सुचल्याचा हा पहिलाच प्रसंग. "तुम्हाला! डाय झाली म्हणून... सत्कार!" आणि मी तो हार त्यांच्या गळ्यात घातला. काका लाजले. हार नीट केला, भिंतीला टेकून बसले, आणि पोटात पेढा गेल्यामुळे त्यांनी डोळे मिटले.

नेमकी तेव्हा निलेशची गाडी वळणावर आली. वडील गळ्यात हार घालून, डोळे मिटून, भिंतीला टेकवलेले. गाडीतून सुनेची जी किंकाळी आली ती केंद्राच्या भोंग्याला मागे टाकणारी होती. काकांनी डोळे उघडले, तशी दुसरी आली, पहिलीपेक्षा मोठी.

मी नंतर पुष्कळ विचार केला. भानुबाय दिवसातून वीस वेळा जित्या माणसांना 'मेल्या' म्हणते. ती खरोखरच मेलेल्यासाठी इंग्रजी शब्द शोधायला कशाला जाईल? पण हे शहाणपण मला हार परत करायला गेलो तेव्हा सुचलं. फुलवाल्याने तो घेतला नाही.

आळीचं हसणं त्या दिवशी फार टिकलं नाही. निलेश ओट्यावर वडिलांच्या पायाशी बसला. मोठा, पोट सुटलेला माणूस. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू बाबा? कसे गेले, ते नाही. कधीपासून पडले असतील, ते. अख्ख्या रस्त्यात मी तेवढंच विचारत होतो स्वतःला."

आम्ही सगळे रोज हेच विचारत होतो.

काकांनी हार काढून बाजूला ठेवला. एका मोराच्या पदकाचं काम त्यांनी घेतलेलं होतं. निलेश म्हणाला, "तेवढं करा. ती डाय झाली की विरारला चला." काका म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून आळीत डाय होण्याची भीती पसरली. आणि मग आळीने, कुणी कुणाला न सांगता, एक काम सुरू केलं. ज्या घरात कुणी बसत नव्हतं तिथे माणसं बसायला लागली. खिडकीकडून, सावली पाठवून, रीतसर. कुणी चिंचणीच्या बाजारातली भांडणं घेऊन यायचं, कुणी सातपाटीच्या मेव्हण्याची बोट. बोलण्यात जेवढा वेळ जाईल तेवढा मोर मागे पडेल, हा हिशेब. भानुबाय तर टोपली रिकामी करून थेट तिथेच. "हरू, मोराला अजून दोन पिसं लाव की. कोन बघतंय?"

"चित्रात नाय."

"मग मोर टकला र्‍हाऊ दे काय?"

काका कुरकुरले, पण मान वर न करता बोलायला लागले. जुने, ओळीतले दिवस त्यांच्या तोंडातून बाहेर पडायला लागले. कधी सगळ्यांच्या आधी तेच हसायचे. मी दारात उभा राहून ऐकायचो आणि मला बरं वाटायच्या ऐवजी धडकी भरायची. कारण दोन ठोक्यांमधला वेळ वाढत चालला होता. इतरांना वाटायचं, गप्पांमुळे. मला माहीत होतं की काका छिन्नी टेकवतात, मग हात शांत व्हायची वाट बघतात, आणि तो होतो तेवढ्या फटीत ठोका घालतात. त्यांनी मला टेबलासमोर खिडकीला लागून स्टुलावर बसायला सांगितलं होतं. "तुमी हाताकडे बघत बसा. कोनाला दिसन्याइतका हालला तर डोळ्यानं सांगा. मी हात खाली घेईन." असा मी पहारेकरी झालो. माझ्यावर विश्वास टाकणारी माणसं जगात फार नाहीत आणि ज्यांनी टाकला त्यांना मी विचारलंय, ते पुन्हा टाकणार नाहीत.

इतकं करून मोर शेवटी डोळ्यापर्यंत आलाच. मोराचा डोळा राहिला होता, एकच ठिपका. माझ्या कारखान्यानेही मला गुजरातेतल्या दुसऱ्या प्लांटला पाठवायचं ठरवलं होतं. सोमवारी निघायचं. निलेश रविवारी दुपारी गाडी घेऊन आला. काकांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. खोलीत भानुबाय, आळीतली दोन-चार माणसं, दाराला टेकून निलेश, आणि समोर स्टुलावर मी. भानुबायने चहा केला होता. इतकी शांतता त्या खोलीत पॉलिशच्या दिवशीही नसायची.

काकांनी भिंग लावलं. छिन्नी टेकवली. हातोडी वर गेली आणि थांबली. फार वेळ थांबली.

मी हाताकडे बघायचं. माझं तेवढंच काम. पण नेमकं तेव्हा माझं बिस्कीट चहात तुटून पडलं, आणि मी ते बोटाने शोधायला लागलो.

खर्र.

मान वर केली तेव्हा मोराच्या मानेपासून शेपटीपर्यंत एक पांढरी रेघ होती.

निलेश पुढे आला. "बाबा? हात हलला?"

काका ठोकळ्याकडे बघत होते.

"हात हलला का तुमचा?" त्याच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, आमचीच, ओळखीची. मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही समोर होतात. काय झालं?"

हात हलला, की हलवला? मला आजही माहीत नाही. मी बिस्कीट बघत होतो. पण मी ऐकलं, मीच बोलतोय. "मी धक्का दिला. गुडघा लागला टेबलाला. बिस्कीट काढताना."

एक क्षणही कुणी शंका घेतली नाही. इतक्या दिवसांची माझी कीर्ती कामाला आली. भानुबाय तुटून पडली. "मेल्या घाटी! आधी हरूला जितेपनी हार घातलास, आता मोर मारलास! जातोयस ते बरं!" ती इतक्या जोरात ओरडत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. निलेशने कपाळावर हात मारला. "आता किती दिवस?"

"पहिल्यापासून," कुणीतरी म्हणालं.

निलेशने दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं, आणि घरी फोन करायला बाहेर गेला. भानुबाय त्याच्या मागे, मला शिव्या घालतच. बाकीचेही उठले.

खोलीत आम्ही दोघं. काकांनी पहिल्यांदाच थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमचा गुडघा लागला?"

"हो काका."

"खरंच लागला ना?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. ते माझ्याकडून काहीतरी मागत होते. जे मागत होते ते माझ्याकडे असतं तर मी दोन्ही हातांनी दिलं असतं.

"हो. जोरात लागला."

त्यांची नजर खाली गेली, टेबलाच्या पायाकडे, आणि तिथून माझ्याकडे. माझ्याही लक्षात तेव्हाच आलं. मी टेबलापासून हातभर लांब, स्टुलावर मांडी घालून बसलो होतो. टेबलापर्यंत माझा गुडघा पोचायला तो कुणा दुसऱ्याचा असायला हवा होता.

बाहेर भानुबायचा आवाज चालू होता, निलेशचा फोन चालू होता, रस्त्यावरून कुणाच्या तरी चपला गेल्या. काकांनी टेबलावरचं भिंग उचललं आणि डोळ्याला लावलं. मला वाटलं, मोराचा चरा किती खोल गेला ते बघतील. त्यांनी ठोकळा बाजूला सारला, उजवा हात उजेडात टेबलावर पसरला, आणि पोलाद तपासावं तसे वाकून, एकेका बोटावरून, तो बघत राहिले.